सशाचा वैद्य : नाशिक आणि पश्चिम भारतातील पशुवैद्यकाचा इतिहास

नाशिक शहरात गुरांचा दवाखाना कोठे आहे हे जुन्या रहिवाशांना सहज सांगता येते, कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे खासगी पशुवैद्य गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत आढळतात, परंतु पाळलेला ससा आजारी पडला असता त्याच्या शरीराची खास जाण असलेला डॉक्टर मिळवणे आजही कठीण जाते. या अडचणीचे मूळ शहरातील डॉक्टरांच्या कौशल्यात किंवा आस्थेत शोधणे अन्यायाचे ठरेल. पश्चिम भारतातील पशुवैद्यक ज्या गरजांतून जन्मले, ज्या क्रमाने एकेका प्राण्याकडे वळले आणि सशाला त्याने जी जागा दिली, त्या दीडशे वर्षांच्या घडामोडींत हे मूळ सापडते. लष्करासाठी घोडा, शेतीसाठी बैल, दुधासाठी गाय-म्हैस आणि घरासाठी कुत्रा अशा पायऱ्यांनी हे शास्त्र विस्तारत गेले. ससा या शास्त्राच्या दारात प्रथम आला तो प्रयोगाचे साधन म्हणून, आणि पुढे त्याची गणना झाली ती मांस व लोकर देणारे पशुधन म्हणून. रुग्ण म्हणून त्याची ओळख अगदी अलीकडची आहे.

प्राण्यांच्या वैद्यकाची ग्रंथपरंपरा भारतात प्राचीन आहे. शालिहोत्राच्या नावावर असलेले अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नावावर असलेला हस्त्यायुर्वेद यांतून राजाश्रयाने पोसलेल्या ज्ञानाचे स्वरूप दिसते. युद्धाचा आणि वैभवाचा आधार असलेल्या घोड्याला व हत्तीला स्वतंत्र शास्त्र मिळाले, आणि घोड्यांवर उपचार करणारा सालोत्री पुढे लष्करी तळांवरचा नेहमीचा माणूस झाला. गोधनाचे महत्त्व तर नाशिकच्या परिसरात दगडावरच कोरलेले आहे, कारण पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात तीन लाख गायींच्या दानाचा उल्लेख येतो. गावपातळीवर मात्र गुरांचे वैद्यक ग्रंथांतून न चालता जाणत्या शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या हाती होते; झाडपाल्याची औषधे, तापलेल्या लोखंडाने डागणे, बैल खच्ची करणे ही कामे पिढीजात अनुभवाने होत असत आणि त्यांचा विषय बहुतेक गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी एवढाच असे.

या चौकटीत सशाला जागा नव्हती, आणि त्याचे कारण प्राणिशास्त्रीयही आहे. सह्याद्रीच्या माळरानांवर आणि नाशिक जिल्ह्याच्या गवताळ टेकड्यांवर आढळणारा रानससा हा काळ्या मानेचा भारतीय ससा असून तो बिळात राहत नाही, गवतात अंग मावेल एवढी बैठक करून दडतो, आणि त्याची पिल्ले अंगावर केस व डोळे उघडे अशा अवस्थेत जन्मतात. घराघरांत पाळला जाणारा पांढरा, करडा किंवा ठिपकेदार ससा हा याहून वेगळ्या प्रजातीचा, मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातला, बिळे खोदून समूहाने राहणारा प्राणी आहे. त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात, गुणसूत्रांची संख्याही निराळी असते आणि या दोन प्राण्यांचा संकर होत नाही. रानससा हा शेतकऱ्याच्या दृष्टीने कोवळ्या पिकावर येणारा आणि वाघूर लावून, म्हणजे लांब जाळे पसरून, पकडला जाणारा शिकारीचा प्राणी होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिल्यानंतर त्याची शिकार करणे किंवा त्याला घरी ठेवणे गुन्हा ठरले. महाराष्ट्राच्या लोकजीवनाला ससा परिचित होता तो असा, रानातला. घरातल्या सशाची निगा व त्याचे आजार यांविषयी कोणतेही पारंपरिक ज्ञान इथे साठण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर आजच्या अडचणीचा अर्धा भाग कळत नाही.

प्राण्यांना आसरा देणारी संस्था म्हणून पश्चिम भारतात पांजरपोळ फार पूर्वीपासून नांदत होती. पांजरपोळ म्हणजे म्हातारी, लंगडी, भाकड किंवा सोडून दिलेली जनावरे मरेपर्यंत सांभाळण्याची धर्मादाय व्यवस्था, आणि तिचा पोशिंदा प्रामुख्याने जैन, वैष्णव व पारशी व्यापारी वर्ग. इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन याने १६८९ सालच्या सुरतेच्या वर्णनात अशा आश्रयस्थानाची नोंद केली आहे. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी समाजात मोठी दंगल उसळली आणि तिच्या पाठोपाठ, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई व शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. नाशिकमध्ये नाशिक-पंचवटी पांजरपोळ १८७८ साली सुरू झाली; चुंचाळे परिसरातील तिची विस्तीर्ण जमीन, तिथली झाडी आणि गायींचे गोठे आजही शहराच्या औद्योगिक वस्तीला लागून टिकून आहेत. पांजरपोळीचे ऋण मोठे आहे, कारण जनावराचा उपयोग संपला तरी त्याचा जगण्याचा हक्क संपत नाही ही भूमिका तिने कायद्याच्या कितीतरी आधी घेतली. तथापि तिचा मूळ हेतू आश्रयाचा होता, रोगनिदानाचा नव्हता, आणि दयेपासून चिकित्सेपर्यंतचे अंतर कापण्यास दुसऱ्याच शक्ती कारणीभूत झाल्या.

त्यांपैकी पहिली शक्ती लष्कराची होती. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या फौजेला घोडदळ व तोफखाना यांसाठी हजारो घोडी, खेचरे व बैल लागत, आणि ग्लँडर्स व सरा यांसारख्या रोगांनी तबेलेच्या तबेले रिकामे होत. पुण्यात १८६२ साली लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली ती या गरजेतून. तिचे काम देशी पलटणींतील सालोत्र्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण देण्याचे होते. दुसरी शक्ती बुळकांडी या रोगाची होती. विषाणूमुळे होणारा, तोंडात व्रण, तीव्र ताप आणि रक्तमिश्रित हगवण ही लक्षणे असलेला हा रोग गावेच्या गावे बैलांविना ओस पाडत असे, आणि बैल गेला की पेरणी गेली, पेरणी गेली की शेतसारा गेला, हे गणित सरकारला चांगले समजत होते. गुरांच्या साथीच्या रोगांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. त्या आयोगाचे प्रमुख हॅलन हे मुंबई इलाख्यातील लष्करी पशुवैद्य होते.

यानंतरची पावले वेगाने पडली. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था १८७४ साली निघाली, सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे करण्यासाठी मोठी देणगी दिली, आणि त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे लष्करातील पशुवैद्य होते, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांच्या नावापुढे लागणारी 'जीबीव्हीसी' ही अक्षरे पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मराठी मुलखात गुरांच्या डॉक्टरांची ओळख बनली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८९ साली इंपीरियल बॅक्टीरियॉलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन होऊन अल्फ्रेड लिंगार्ड यांनी तिथे संशोधनाला आरंभ केला, आणि ही प्रयोगशाळा १८९३ साली थंड हवेच्या मुक्तेश्वरला हलली. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेल्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचा जन्म असा पुण्यात झाला. मुलकी पशुवैद्यकीय खाते १८९२ साली अस्तित्वात आले आणि महाराष्ट्राचा पशुसंवर्धन विभाग आपली परंपरा तिथपासून मोजतो.

याच काळातले नाशिक हे घोड्या-बैलांवर चालणारे शहर होते. देवळालीची छावणी, त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचे टांगे व बैलगाड्या, सह्याद्रीच्या घाटांतून उतरणारी मालवाहतूक यांखेरीज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या शहरापासून नाशिकरोड स्थानकापर्यंत धावू लागलेली ट्रामदेखील सुरुवातीला घोडेच ओढत असत. जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरी-घोटीच्या पावसाळी पट्ट्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची डांगी गुरे होती, ज्यांच्या तेलकट कातडीमुळे मुसळधार पावसातही ती भातखाचरांत काम करू शकत. गुरांच्या डॉक्टरला इथे काम भरपूर होते, आणि ते काम कोणत्या प्राण्यांचे हे परिस्थितीनेच ठरवून टाकले होते. शाही कृषी आयोगाने १९२८ साली पंचवीस हजार गुरांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस केली. एवढे साधे प्रमाणही गाठता येत नव्हते यावरून या सेवेवरील भार ध्यानात येतो.

आता सशाकडे वळता येईल, कारण सशाने मराठी मुलखाच्या वैद्यकीय इतिहासात प्रवेश केला तो याच दशकांत आणि याच परळ भागात. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यावरील लस प्रथम माणसाला टोचली, आणि त्या लसीतला विषाणू सशाच्या मेंदूतून पुन्हा पुन्हा संक्रमित करून स्थिर केलेला होता. लस म्हणून वापरले जात होते ते सशाचे वाळवलेले मज्जारज्जू. भारतात कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली पाश्चर संस्था निघाल्या, त्यांच्या कामाच्या मुळाशीही सशात स्थिर केलेला हाच विषाणू होता. मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका छोट्या जागेत लस तयार केली, ती आधी सशांना टोचली, ससे प्लेगपासून वाचतात हे पाहिले आणि मग १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. नाशिक जिल्ह्यालाही या साथीने सोडले नाही. भगूरचे दामोदरपंत सावरकर, म्हणजे विनायक सावरकरांचे वडील, १८९९ साली प्लेगनेच वारले. त्याच वर्षी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, जिला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

हाफकिन संस्था आणि बाई साकरबाई पशुरुग्णालय या दोन्ही वास्तू परळमध्ये एकाच रस्त्यावर आहेत, आणि या शेजाराचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. एका आवारात घोडा, बैल व कुत्रा उपचारासाठी आणले जात होते, तर दुसऱ्या आवारात ससा माणसाच्या उपचारासाठी वापरला जात होता. सशाच्या शरीराचे तापमान, त्याच्या कानातील शीर, रक्तातील प्रतिद्रव्ये यांविषयीचे ज्ञान विसाव्या शतकात अफाट वाढले. शिरेतून देण्याच्या द्रवांत ताप आणणारे दूषित घटक आहेत काय हे तपासण्यासाठी अनेक दशके सशाचाच ताप मोजला जात असे, आणि सौंदर्यप्रसाधने डोळ्याला किती झोंबतात हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९४४ साली जॉन ड्रेझ यांनी रूढ केलेली चाचणीही सशाच्या डोळ्यावर होत असे. भारताने प्रसाधनांसाठीच्या प्राणी-चाचण्यांवर २०१४ साली बंदी घातली. सशाविषयी इतके काही माहीत असूनही आजारी सशाला बरे कसे करावे याचे ज्ञान मागे राहिले, कारण प्रयोगशाळेत आजारी पडलेल्या सशाला बरे करण्यापेक्षा त्याच्या जागी दुसरा निरोगी ससा आणणे स्वस्त होते. मानवजातीने सशाकडून घेतलेले आणि सशाला परत न केलेले हे कर्ज आहे, आणि पशुवैद्यकाच्या इतिहासकारांनी ते जितक्या ठळकपणे मांडायला हवे तितके अद्याप मांडलेले नाही.

स्वातंत्र्यानंतरची पशुवैद्यकीय सेवा पुन्हा गुरांभोवतीच उभी राहिली, आणि ते योग्यही होते. बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९५४ साली सुरू झाली, देशातील शेवटचा उद्रेक १९९५ साली नोंदला गेला, २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग या रोगापासून मुक्त जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर पूर्णपणे नाहीसा केलेला हा एकमेव रोग आहे आणि त्यामागे गावोगावी सायकलवरून लस घेऊन फिरलेल्या पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांची मेहनत आहे. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हा गावांतील दवाखाने त्यांच्याकडे गेले. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी आणि श्रेणी दोनच्या दवाखान्यात पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक ही रचना नाशिक जिल्ह्याच्या तालुक्यांतही रुजली, आणि शहरात अशोक स्तंभाजवळचे जिल्हा पशुसर्वचिकित्सालय तिच्या शिरोभागी राहिले. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार पशुधन घटकांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचवले. घटक या हिशेबी मापाचा पाया मोठे जनावर हा असून लहान प्राणी त्याच्या अंशांत मोजले जातात. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी, कृत्रिम रेतन, संकरित गायी हा या सेवेचा दिनक्रम झाला. पुढे कुक्कुटपालन वाढले तसे कोंबड्यांच्या रोगांचे तज्ज्ञ तयार झाले, आणि २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला तेव्हा त्या ज्ञानाची किंमत सर्वांना कळली. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने गुरांना ग्रासले तेव्हाही साऱ्या यंत्रणेचे बळ लसीकरणाकडे वळवावे लागले.

पशुवैद्यकीय शिक्षणाचा नकाशाही नाशिकपासून दूरच राहिला. मुंबईनंतर नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे महाविद्यालये निघाली, २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन ती त्याच्या छत्राखाली आली, परंतु यांतले एकही नाशिक शहराच्या वाट्याला आले नाही. माणसांच्या वैद्यकीय शिक्षणाचे राज्यव्यापी विद्यापीठ १९९८पासून नाशिकच्या म्हसरूळ भागात असताना या शहरातील मुलाला पशुवैद्य होण्यासाठी परगावी जावे लागते. महाविद्यालय नसल्याचा परिणाम केवळ शिक्षणावर होत नाही. महाविद्यालयाबरोबर शिकवणारे रुग्णालय येते, तिथे शल्यचिकित्सक, क्ष-किरण तज्ज्ञ व रोगनिदान प्रयोगशाळा एकत्र असतात, आणि असाधारण रुग्ण कोणाकडे पाठवावा हा प्रश्न गावातच सुटतो. नाशिकच्या खासगी पशुवैद्याला हा आधार हाताशी नाही.

पदव्युत्तर शिक्षणाची विभागणीदेखील पाहण्यासारखी आहे. भारतात पशुवैद्यकाची विशेषज्ञता विषयावर बेतलेली आहे. औषधशास्त्र, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र, विकृतिशास्त्र अशा शाखांत पदव्युत्तर पदवी मिळते, सशाचा तज्ज्ञ अशी पदवी मिळत नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात ससा येतो तो मुख्यतः पशुधन उत्पादन व व्यवस्थापन या विषयात, प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या शेजारी. याला ससेपालनाच्या प्रचाराची पार्श्वभूमी आहे. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने कुलू खोऱ्यातील गारसा केंद्रावर लोकरीसाठी अंगोरा ससे, तर तामिळनाडूतील मन्नवनूर केंद्रावर मांसासाठी सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट यांसारख्या जाती वाढवल्या, आणि तिथून शेतीला जोडधंदा म्हणून ससेपालनाची कल्पना देशभर पोचली. महाराष्ट्रातही ती आली, परंतु उन्हाळा, मांसाला बेताची मागणी आणि बाजाराचा अभाव यांमुळे ती खोल रुजली नाही. जोडधंद्याच्या पुस्तिकांतून सशाचे वजन, पिल्लांची संख्या व खाद्याचा खर्च शिकता येतो. आठ-दहा वर्षे घरात राहणाऱ्या एका सशाचा दात कसा तपासावा हे त्यांतून शिकता येत नाही.

घरगुती ससा नाशिकच्या सदनिकांत आला तो गेल्या काही दशकांत, मुलांचा हट्ट, लहान जागा आणि भुंकून शेजाऱ्यांना त्रास न देणारा प्राणी अशा कारणांनी. त्याच्याबरोबर त्याच्या शरीराची खास घडणही आली, जी गाय आणि कुत्रा या दोहोंपेक्षा वेगळी आहे, आणि तज्ज्ञाची गरज का पडते याचे उत्तर या घडणीतच आहे. सशाचे सर्व अठ्ठावीस दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात आणि तंतुमय गवत सतत चावल्यानेच ते झिजतात. गवताऐवजी पोळी, बिस्किटे व गाजरे खाणाऱ्या सशाच्या दाढांना टोके येतात, ती जिभेला व गालाला बोचतात आणि ससा खाणे सोडतो, पण तोंड अरुंद असल्याने हे टोक विशेष उपकरणाशिवाय दिसतही नाही. त्याचे अंधनाल, म्हणजे लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरची पिशवी, पोटाचा मोठा भाग व्यापते आणि तिच्यातील जीवाणू गवत आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ लेंड्या ससा थेट गुदद्वारातून खातो आणि त्यांतील जीवनसत्त्वे व प्रथिने पुन्हा मिळवतो. हे वर्तन रोगाचे लक्षण नसून पचनाचा भाग आहे.

या जीवाणूंच्या समतोलावर सशाचे प्राण अवलंबून असतात, म्हणूनच माणसाला, कुत्र्याला आणि वासराला सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन यांसारखी प्रतिजैविके सशाला तोंडावाटे दिल्यास उपयुक्त जीवाणू मरतात, विषारी जीवाणू माजतात आणि जीवघेणा अतिसार होऊ शकतो. कुत्र्यांच्या पिसवांवर वापरला जाणारा फिप्रोनिल हा फवारा सशासाठी विषारी ठरतो. शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्याला उपाशी ठेवण्याचा नियम सशाला लागू होत नाही, कारण ससा ओकू शकत नाही आणि उपासाने त्याचे आतडे मंदावते. अनेक सशांच्या रक्तात ॲट्रोपिन या औषधाचे झपाट्याने विघटन करणारे विकर असते, त्यामुळे भुलीच्या वेळी नेहमीची मात्रा निष्प्रभ ठरू शकते. त्याची हाडे हलकी व मागच्या पायांचे स्नायू जोरकस असल्याने चुकीच्या पद्धतीने धरलेला ससा स्वतःच्याच लाथेने पाठीचा कणा मोडून घेतो. नसबंदी न केलेल्या मादीत वय वाढेल तसे गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार वाढते. या सर्वांवर कळस म्हणजे ससा हा भक्ष्य प्राणी असल्याने दुखणे लपवतो. अर्धा दिवस ससा खात नसेल, लेंड्या पडत नसतील, तर ती तातडीची वेळ समजावी लागते. दीर्घ अनुभव असलेला, गायीचे अडलेले वासरू कौशल्याने सोडवणारा डॉक्टरही या गोष्टी मुद्दाम शिकला नसेल तर सद्‌भावनेने चूक करू शकतो.

नाशिकच्या परिस्थितीची भरही यात पडते. इथल्या दुभत्या जनावरांसाठी मुबलक मिळणारा घास, म्हणजे लसूणघास, वाढत्या पिल्लाला चालतो, पण त्यात कॅल्शियम जास्त असल्याने प्रौढ सशाला रोज दिल्यास लघवीत गाळ साचतो. द्राक्षे साखरेमुळे आणि कांदा विषारीपणामुळे टाळावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या आसपास जातो, तर तिसाच्या पुढे सशाला उष्माघाताचा धोका सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही आणि उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो.

परदेशातही सशाचा स्वतंत्र वैद्य फार जुना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९८८ साली हाउस रॅबिट सोसायटी स्थापन झाली आणि ससा पिंजऱ्याबाहेर, घरातील सदस्य म्हणून ठेवण्याचा विचार तिथून पसरला. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन या पशुवैद्य बाईंनी आपल्या रोजच्या रुग्णांच्या अनुभवावरून सशांच्या वैद्यकावर सविस्तर पाठ्यपुस्तक लिहिले, ते २००२ साली प्रसिद्ध झाले. आधी मालकांची मागणी, मग काही डॉक्टरांचा स्वतःहून केलेला अभ्यास आणि अखेरीस विद्यापीठांची मान्यता असा तिथला क्रम होता. कुत्रा, मांजर आणि पशुधन यांपलीकडच्या पाळीव प्राण्यांना आता डॉक्टर मंडळी 'एक्झॉटिक' म्हणतात, आणि मुंबई-पुण्यात अशा प्राण्यांकडे विशेष लक्ष देणारे पशुवैद्य तयार होऊ लागले आहेत. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा न्यासाचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. परंतु नाशिकपासून मुंबई सुमारे १७० किलोमीटर आहे, आणि खाणे सोडलेल्या सशाला कसारा घाटातून तीन-चार तास नेणे हा त्याच्या प्रकृतीवरचा स्वतंत्र ताण असतो.

कायदा मात्र याबाबतीत पुढे गेलेला आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१८ साली आलेल्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांत कुत्रा व मांजर यांच्याबरोबर सशाचे नाव स्पष्टपणे घातले आहे आणि दुकानदाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक केले आहे. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्याला सशावर उपचार करण्याचा पूर्ण अधिकार आहे. अधिकार आणि विक्रीचे नियम आहेत, उणीव आहे ती प्रशिक्षणाची, आणि ती भरून काढणे पशू विज्ञान विद्यापीठाला अवघड नाही. परळच्या रुग्णालयात सेवेतील पशुवैद्यांसाठी सशाचे दंतरोग, भूल व आतड्यांचे विकार यांवर काही दिवसांचा प्रात्यक्षिक वर्ग सुरू झाला, आणि त्यात प्रत्येक जिल्हा पशुसर्वचिकित्सालयातून एक अधिकारी व शहरातील इच्छुक खासगी डॉक्टर यांना घेतले, तर नाशिकची निकड बरीचशी भागेल. प्रयोगशाळांनी सशावर जे ज्ञान मिळवले ते सशाच्या उपयोगी आणण्याचे कर्तव्य याच संस्थांचे आहे.

तोवर नाशिकमध्ये ससा पाळणाऱ्या कुटुंबाने डॉक्टरचा शोध ससा निरोगी असतानाच घ्यावा. पहिल्या भेटीत वजन नोंदवून घ्यावे, दाढा पाहण्याचे साधन दवाखान्यात आहे काय, वर्षभरात सशांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत काय, त्याआधी ससा उपाशी ठेवला जातो काय आणि तोंडावाटे कोणती प्रतिजैविके दिली जातात हे विनयाने विचारावे. ज्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही आणि जो गरज पडल्यास मुंबईतील जाणकाराशी फोनवर बोलायला तयार असतो, तो पदवीने सशाचा तज्ज्ञ नसला तरी नाशिकमध्ये आज तोच सशाचा वैद्य होय.